वरून पहिला

नेटवर काही शोधायचं असेल तर अख्ख्या नांदेडात आपल्याइतका तरबेज माणूस नाही, असं रेणुकादास मास्तरांचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. हे मत त्यांनी कुणापासून लपवूनही ठेवलं नव्हतं. "त्यात काय अवघड हाय?" ते शिक्षकांच्या खोलीत सांगायचे. "यादी वाचता आली पाहिजे. वरून पहिला तो पहिला."

मास्तरांचा दोष नाही हो. माणसाची सगळी नोकरी निकालाच्या फळ्यासमोर गेलेली. आमच्या भागात गुणवत्ता यादी लोक पंचांगासारखी मन लावून वाचतात. वरच्या नावापासून सुरू करतात आणि वरच्या नावापाशीच थांबतात. फोनवर काही शोधलं की जी यादी उघडते, तीही मास्तरांना अशीच कुणीतरी पेपर तपासून लावलेली वाटायची. वरच्या नावाशेजारी बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं लिहिलेलं असायचं. विशेष प्रावीण्यासारखं ते काहीतरी असावं, अशी त्यांची समजूत होती.

तर प्रश्न होता त्यांच्या मुलीचा. भार्गवी दहावी झाली आणि तिनं जाहीर केलं की फिजिक्स शिकायचं तर लातूरला विरूपाक्ष सरांकडेच. भूकंपाच्या वर्षी पोरं स्लॅबखाली बसायला तयार नव्हती, तेव्हा या सरांनी पत्र्याचं शेड टाकून शिकवायला सुरुवात केली. पुढे लातूरभर क्लासच्या काचेच्या इमारती उठल्या, शेड तसंच राहिलं. शेडात मावतील तेवढीच पोरं घ्यायची, हा सरांचा पहिला नियम. दुसरा त्याहून अवघड. पोरगं त्यांच्या परीक्षेत पास झालं की सर स्वतः पालकाला फोन करायचे, थोडं बोलायचे, आणि त्या पालकाबरोबर दोन वर्षं काढता येतील असं वाटलं तरच प्रवेश द्यायचे.

शेजारच्या ताहेरभाईंचा हारिस त्याच शेडात शिकत होता. भार्गवी पास झाल्याची बातमी त्यानंच कळवली. ताहेरभाईंनी मास्तरांना बजावून सांगितलं, "पोरीची परीक्षा झाली, मास्तर. आता तुमची हाय. फोन आला की जरा नरमाईनं घ्या."

म्हणजे नुसतं बसून राहायचं होतं. पण बसून राहणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. सरांची जरा माहिती काढून ठेवतो म्हणाले. त्यांच्या बायकोनं, लताबाईंनी, स्वयंपाकघरातूनच सांगितलं की काही काढू नका. भार्गवीनं हात जोडले. तोवर मास्तरांनी 'विरूपाक्ष सर लातूर' टाईप करून टाकलं होतं.

पहिलीच ओळ आली: 'विरूपाक्ष सर शोधताय? आजच चौकशी करा!' मास्तर खूश. खाली नाव भलत्याच अकॅडमीचं होतं, पण ते बारीक अक्षरात होतं आणि बारीक अक्षराशी मास्तरांचं जमत नसे. त्यांनी स्वतःचं नाव, मोबाईल नंबर, मुलीचं नाव, मुलीचं स्वप्न (स्वप्नासाठीही एक चौकट होती) सगळं शुद्धलेखनासह भरलं. मग दुसऱ्या क्रमांकावर अन्याय नको म्हणून तिथंही भरलं. तिसऱ्याला आणि चौथ्याला उत्तेजनार्थ भरलं.

चहाचा कप खाली ठेवेपर्यंत फोन वाजला. "सर, मी मनतशा बोलतेय, लातूरहून. विरूपाक्ष सरांची चौकशी केली होती ना तुम्ही?"

मास्तर उभे राहिले. सदऱ्याची बटणं लावली. घरची माहिती सांगितली, मुलीच्या सवयी सांगितल्या, आपल्या शिस्तीबद्दल दोन शब्द बोलले, आणि हे सगळं इतक्या नरमाईनं की लताबाई बघायला बाहेर आल्या. मनतशानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की विरूपाक्ष सरांकडे जागा मिळत नसते, त्यापेक्षा आमच्याकडे एसी वर्ग आहे. मास्तरांनी बटणं सोडली.

दुसऱ्या फोनलाही ते उभे राहिले. तिसऱ्याला नुसतेच सावरून बसले. पुढे मोजदाद राहिली नाही. लातूरचे क्लास, नांदेडचे क्लास, कोटा, हैदराबाद, वसतिगृहवाले, मेसवाले, शैक्षणिक कर्जवाले, स्मरणशक्तीचं सिरप विकणारा एक काका! मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात मास्तर गहिवरून बोलत होते, त्यात खिशातला फोन दोनदा वाजला. आणि प्रत्येकाची सुरुवात एकच: विरूपाक्ष सरांबद्दल विचारलं होतं ना? न उचलावा तर खरे सर असले म्हणजे? मास्तर उचलत होते आणि जळत होते.

वैतागून त्यांनी 'नको असलेले फोन कसे बंद करावेत' हेही शोधलं. वरून पहिला जो आला तिथं नंबर भरला. संध्याकाळपासून फोन बंद करून देणाऱ्यांचेही फोन सुरू झाले. 'प्रायोजित' म्हणजे पैसे देऊन वर आलेला, हे शेवटी भार्गवीनं समजावलं.

रविवारी दुपारी मास्तर जेवायला बसले होते. वरण-भाताचा पहिला घास तोंडाशी नेला आणि फोन वाजला. हात खरकटा, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"नमस्कार. मी विरूपाक्ष बोलतोय, लातूरहून."

मास्तरांचा आठवडाभराचा राग एकदम घशाशी आला. "आता थेट विरूपाक्षच झालास काय? लाज वाटत न्हाई? जेवू तरी देशील का माणसाला?"

"मुलीबद्दल थोडं विचारायचं होतं."

"मुलीचं नाव काढायचं न्हाई! आधी हे सांग, पैसे चारून वर आलास ना?"

"मी कुठं वर आलो हो," पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला. "बरं. जेवा तुम्ही. ठेवतो."

आणि त्यानं खरंच ठेवला. आठवडाभरात स्वतःहून फोन ठेवणारा हा पहिलाच माणूस. मास्तरांचा घास हातातच राहिला. दारात भार्गवी उभी होती. "बाबा, ते खरे होते," एवढंच म्हणून ती आत गेली.

मास्तरांनी उलट फोन लावला, पुन्हा लावला. कुणी उचलेना. थोड्या वेळानं ताहेरभाई आले. सरांनी हारिसला वर्गातून बाहेर बोलावून विचारलं म्हणे, तुमच्या शेजाऱ्यांची तब्येत बरी आहे ना? मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं वर्षभर जीव तोडून अभ्यास केला, आणि बापानं एका घासात सगळं घालवलं. ते ताटावरून उठून गच्चीवर जाऊन बसले. खरंच फार वाईट वाटत होतं त्यांना. संध्याकाळी खाली आले तेव्हा लताबाई रागावल्याही नाहीत. उद्या लातूरला जा आणि समोर उभं राहून माफी मागा, एवढंच शांतपणे म्हणाल्या.

सकाळच्या एसटीनं बापलेक निघाले. भार्गवी सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसली होती. मधूनच तिचे खांदे हलत होते. रडतेय, असं मास्तरांना वाटलं आणि तिची समजूत घालायची त्यांची हिंमत झाली नाही.

लातूरच्या स्टँडवर ती म्हणाली, बाबा, कुणालाही विचारू, शेड सगळ्यांना माहीत आहे. पण मास्तरांनी फोन काढला होता. सरांचं नाव टाकलं, वरून पहिला पत्ता दाबला आणि फोन सांगेल तसे वळत वळत दोघं एका काचेच्या दारात येऊन थांबले. दारातल्या वहीत मास्तरांनी नाव लिहिलं, तशी आतून एक मुलगी लगबगीनं पुढे आली.

"रेणुकादास सर ना? मी मनतशा. स्वप्न किती छान लिहिलं होतं हो तुम्ही!"

पाणी आलं, चहा आला, पडद्यावर चित्रफीत सुरू झाली. भार्गवी बाबांची बाही ओढत होती. मास्तर उठले की मनतशा नवा मुद्दा काढायची, आणि कुणी आदरानं बोललं की मास्तरांना मधूनच निघता येत नसे. शेवटी एकदाचे सुटले, तेव्हा खांद्याला अकॅडमीची भडक केशरी पिशवी अडकवलेली होती. ती काढायचं भान कुणाला!

रस्त्यावरच्या पानवाल्याला विचारत ते शेडात पोचले. विरूपाक्ष सर फळा पुसत होते. मास्तरांनी हात जोडले. बसमध्ये मोठं भाषण तयार केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"चूक झाली, सर. मला वाटलं जाहिरातवालाच हाय. मला काय बोलायचं ते बोला, पण पोरीला नाकारू नका. तिचा यात काहीच दोष न्हाई."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे पाहिलं. पिशवीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"पोरीला कुठं नाकारलं? प्रवेश झालाय की. काल संध्याकाळीच बोलणं झालं."

"माझ्याशी?"

"न्हाई हो. फॉर्मवर तुमचं नाव वर होतं, म्हणून आधी तुम्हाला लावला. मग जरा खाली बघितलं. खाली ताईंचं, पोरीच्या आईचं नाव होतं."

मास्तर सावकाश भार्गवीकडे वळले. तिनं ओढणी तोंडावर धरली होती आणि खांदे पुन्हा हलत होते.

"आई म्हणाली, प्रवेश झाल्याचं आधी सांगितलं तर बाबा माफी मागायला जायचे न्हाईत."

मास्तरांना रागवायचं होतं. पण जीव इतका भांड्यात पडला होता की रागाला जागाच उरली नाही. ते तिथंच बाकावर बसले आणि डोळे पुसले.

परतीच्या एसटीत शेजारी नागुबाई नावाच्या एक आजी येऊन बसल्या. नातवाला यंदा लातूरला टाकायचं होतं, कुठं टाकावं ते घरात कुणाला कळत नव्हतं. त्यांनी मास्तरांचा चष्मा पाहिला, मांडीवरची पिशवी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गुरुजी, ह्योच क्लास चांगला हाय व्हय? तुमच्यासारख्या शिकल्या माणसानं घेतली पिशवी, म्हंजे चांगलाच असंल."

मास्तरांनी घाईघाईनं पिशवी उलटी केली. मागच्या बाजूला वसतिगृहाची जाहिरात होती.