चढत्या क्रमाने शिक्षा

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकून बसलात तर डुलकी लागेल, आणि ही गोष्ट डुलकीत ऐकण्याजोगी नाही. एका गुणी लेकीची गोष्ट आहे. कुणाचं तिळमात्र वाईट चिंतलेलं नसताना तिने एका दुपारी साडेतीनशे माणसांच्या शिक्षा बदलून टाकल्या.

विद्यापीठाच्या कायदा विभागात तिला सगळे 'रकाना' म्हणत. पदव्युत्तर शिक्षण घेत ती तिथल्या प्राध्यापक मॅडमच्या हाताखाली संशोधन साहाय्यक होती. अमली पदार्थांच्या खटल्यांचे निकाल वाचायचे आणि एकेका माणसाला संगणकावरच्या तक्त्यात एकेका ओळीत बसवायचं, हे तिचं काम. पहिल्या रकान्यात खटल्याचा क्रमांक, दुसऱ्यात सापडलेल्या मालाचं वजन, तिसऱ्यात शिक्षा. आठ महिने हेच. स्वप्नातसुद्धा तिला माणसं आडव्या रांगेत दिसायची.

मॅडमचं म्हणणं एवढंच, की खिशात चिमूटभर सापडलेला आणि पोत्याने माल वाहणारा, दोघांना कायदा एकाच काठीने हाणतो. गुरुवारी कायदा-सुधार समितीपुढे हे सिद्ध झालं, तर चिमूटवाल्यांसाठी सौम्य नियम होणार होता. नाही झालं, तर जुनाच कायदा आणि जुनीच काठी.

बुधवारी मॅडम दारातूनच म्हणाल्या, "वजन चढत्या क्रमाने लाव. शिक्षा कशी चढते तेही दिसू दे."

रकानाने वजनाचा रकाना धरला. संगणकाने नम्रपणे विचारलं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का? तिला वाटलं, आठ महिन्यांची मेहनत, उगाच कशाला हलवा. नको म्हणाली. मग शिक्षेचा रकाना धरला, तोही चढता लावला. संगणकाने पुन्हा विचारलं, ती पुन्हा नको म्हणाली. ज्याचं वजन त्याच्याजवळ राहिलं नाही, ज्याची शिक्षा त्याच्याजवळ राहिली नाही. सगळी माणसं निमूटपणे दुसऱ्याच्या जागी जाऊन बसली.

आलेख काढला तर काय, देवळाच्या पायऱ्या. थोडा माल, थोडी शिक्षा. जास्त माल, जास्त शिक्षा. एक ठिपका वाकडा नाही.

मॅडमनी आलेख पाहिला. मग चष्मा काढून पुसला.

"आठ महिने मी कायद्याला आंधळा म्हणत होते."

"मग आता?"

"आता चूक कबूल करायची. आकडे म्हणजे काही नकोसे पाहुणे नव्हेत, घरात कुणी नाही असं सांगून दारातून परत पाठवायला."

आणि त्या सरळ बाईने आपल्याच अहवालाचा निष्कर्ष आपल्याच हाताने खोडला.

गुरुवारी समितीत आनंदीआनंद झाला. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी आलेख जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. पोलीस खात्याचे अधिकारी म्हणाले, "हे मुखपृष्ठावर घ्या." सचिव म्हणाले, "कायद्याला हात लावायचं कारणच उरलं नाही. बैठक चहालाच संपते की." कुणीतरी रकानाची चौकशी केली, आणि समितीच्या कार्यालयात तिला कायमची जागा देण्याचं बोलणं उभ्या उभ्या निघालं. तिने मान खाली घातली. अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "बाळ, यातलं एखादं उदाहरण दे. सगळ्यात थोडा माल, सगळ्यात थोडी शिक्षा. अहवालात शोभेल."

ती बाहेरच्या बाकावर संगणक घेऊन बसली. पहिली ओळ: दोन ग्रॅम, एक महिना. क्रमांकावरून मूळ निकाल उघडला, तर तिथे भलतंच वजन. मग तिने दोन ग्रॅमवाला निकाल शोधला. सायकली दुरुस्त करणारा माणूस. शिक्षा नऊ वर्षं. निकालाच्या शेवटी एक ओळ होती: आरोपीला शिक्षेबाबत काही म्हणायचं नाही, आपली हत्यारं भावाकडे द्यावीत, नाहीतर गंजतील, एवढीच विनंती.

मग एक महिना कुणाचा? तिने शोधलं. चाळीस किलोवाल्याचा.

तिने आईला फोन लावला.

"आई, माझ्याकडून साडेतीनशे लोकांच्या शिक्षा बदलल्या गेल्या."

"कमी झाल्या की वाढल्या?"

"दोन्ही. कागदावर. खऱ्या होत्या तशाच आहेत. पण आता सांगितलं तर जागा जाईल, आणि मॅडमचं नाकही कापलं जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

दोन ग्रॅमवाल्यांची सौम्य नियमाची वाट बंद, हे आईला सांगायचीही गरज पडली नाही.

"चहा प्यायलीस का?"

"नाही."

"पी, आणि सांगून टाक. रिकाम्या पोटी कबुली देऊ नये, चक्कर येते."

ती आत गेली. चहा प्यायची राहिलीच. तिने सगळं सांगितलं. संगणकाने दोनदा विचारलं होतं, हेही लपवलं नाही. मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग तिने तक्त्याच्या मंगळवारच्या प्रतीवरून खरा आलेख काढून भिंतीवर दाखवला. डब्यातून मोहरी सांडावी तसे ठिपके.

सचिव हळूच म्हणाले, "पहिला बरा होता. तोच नाही का ठेवता येणार?"

"साहेब, पहिला खोटा आहे."

"ते झालंच. पण नीट होता."

अध्यक्षांनी हातातला पहिला आलेख खाली ठेवला. म्हणाले, "मला सकाळीच शंका यायला हवी होती. तीस वर्षं मी शिक्षा सुनावल्या. इतका सरळ मी कधीच नव्हतो. मुली, दोन्ही आलेख ठेव."

"खोटासुद्धा?"

"तोच मुखपृष्ठावर. खाली लिही, कायदा असा हवा. आणि आतल्या पानावर हा दुसरा. खाली लिही, कायदा असा आहे."

मॅडमनी डोळे उघडले. सचिवांनी बैठक चहाला संपत नसल्याची नोंद केली. चुकून झालेला आलेख त्या दिवशी एकमताने शिफारस झाला. कायमच्या जागेचं बोलणं मात्र पुन्हा कुणी काढलं नाही, आणि साडेतीनशे ओळी हाताने ताडून पाहायचं काम रकानाच्याच गळ्यात पडलं. ती अजून ताडते आहे.

शिफारशीचा कायदा व्हायला वेळ लागतो, आणि झाला तरी तो पुढच्यांसाठी. सायकलवाल्याची नऊ वर्षं संपायला अजून सहा आहेत. तक्त्यात नावं लिहायची नसतात, म्हणून त्याचं नाव मलाही ठाऊक नाही. तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा नावाशिवायच त्याची आठवण काढा. देवाला ओळ सापडेल.