आडवं व्हा, जावयबापू!

माझ्या सासूबाई गाडी बघायला आल्या की आधी मला आडवं करतात. हे मी अलंकारिक बोलत नाही. शोरूम चकाचक, एसी गार, टाय लावलेला पोरगा "सर, सर" करत मागे-पुढे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध सासूबाई व्हॅनचं मागचं दार उघडायला लावतात, पिशवीतून स्वतःची गोधडी काढून आत अंथरतात आणि म्हणतात, "हां. जावयबापू, आडवं व्हा."

आणि मी होतो. चाळिशी ओलांडलेला, सहा फूट उंच, एके काळी ज्याच्या आवाजाला ट्रकवाले टरकायचे असा मी, बूट काढून, फाटक्या मोज्यातून अंगठा दाखवत आडवा होतो. माझी पावलं दाराबाहेर लटकतात. सासूबाई चार पावलं मागे जाऊन, एक डोळा बारीक करून बघतात आणि निकाल देतात, "पाय भायेर. नाय चालनार."

पहिल्यांदा हे पालघरच्या शोरूममध्ये झालं तेव्हा तो टायवाला बिचारा समजावायला गेला. "आजी, ही माल ठेवायची जागा आहे. झोपायची नाही."

"माल ठेवायची ना? मग माल रातभर हितंच र्‍हानार. आनि मालाची राखन करनारा कुटं र्‍हानार? तुज्या खुर्चीत?"

पोरगा टाय सैल करू लागला. मी छताकडे बघत पडलो. आतून व्हॅनचं छत फार सुंदर असतं असं मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आता ही व्हॅन कशाला, ते सांगतो. तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात मी होतो. मालकांनी कारखाना उचलून गुजरातेत नेला, आम्हाला "तुम्हीही चला" म्हणाले, पण अशा आवाजात म्हणाले की कोणी जाऊ नये. मी नाही गेलो. मग माझ्या डोक्याने घेतलं की आपण अर्जंट मालाच्या धंद्यात उतरायचं. म्हणजे असं, की हैदराबादला कुठे मशीन बंद पडतं, त्याचा एक पार्ट बोईसरला तयार असतो, आणि तो आजच निघायला हवा असतो. एवढंसं खोकं, त्याच्यासाठी अख्खी गाडी. खोकं सोडून ड्रायव्हरने कुठे जायचं नाही, लॉजमध्ये राहायचं नाही, खोक्याशेजारीच झोपायचं. बोईसरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठने शब्द दिला होता, "दसर्‍याला गाडी दारात लाव, अर्जंटचं काम तुझं. नाही लावलीस तर दुसरा तयार आहे." घरात दुसरी मिळकत नव्हती, त्यामुळे दसरा हा सण मला त्या वर्षी परीक्षेसारखा दिसत होता.

तर गाडी निवडायची. आणि मी कोण? हॉटेलात मेनूकार्ड दोन्ही बाजूंनी वाचून शेवटी मिसळ मागवणारा माणूस. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून इतका तज्ज्ञ झालो की घरात कोणाकडे पाणी मागितलं तरी सोबत मायलेज सांगायचो. डिझेल घ्यावी तर खर्च, सीएनजी घ्यावी तर पंपावर रांग. रांगेत उभं राहून अर्जंट माल पोचवणारा मी पहिलाच ठरलो असतो. शेवटी बायको, सुजाता, वैतागून म्हणाली, "आईला घेऊन जा. तिने उभा जन्म टेंपोच्या मागे बसून काढलाय. तिला गाडी तुमच्यापेक्षा जास्त कळते."

सासूबाई शिरगावच्या. बोंबील, जवला अशी मासळी वाळवून बोईसरच्या बाजारात आणून विकतात. सासरे बोटीवर खलाशी होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्या एकट्याच राहतात. बोईसरला आमच्याकडे राहायला या म्हटलं की नाक मुरडतात. "तुमच्या हवेला वास मारतो." हे बोलताना मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी असते, आणि आमच्या मजल्यावरची मांजरं दारात रांग लावून बसलेली असतात.

त्यांचं एक पेटंट वाक्य आहे. "मी कोन बोलनारी?" एवढं म्हणून त्या पदर खोचतात आणि मग अर्धा तास दुसर्‍या कोणाला बोलता येत नाही. माझ्या लग्नाच्या वेळीही हेच. मी मुलगी बघायला गेलो, तर सासरे कोपर्‍यात गप्प, आणि या म्हणाल्या, "मी कोन बोलनारी? पन येक सांगा. झोप लागते?" पगार नाही, शिक्षण नाही, झोप! मी गांगरून खरं सांगून टाकलं, "लागते. पडल्या पडल्या." त्यावर त्यांनी आत बघून सुजाताला हाक मारली, "पोहे आन गं." माझ्या आयुष्यात माझ्या एकमेव गुणाची कदर झाली ती तेवढ्या वेळी.

शोरूममधला दुसरा प्रकार म्हणजे त्यांचा धंदा. मी गाडीत आडवा असताना यांनी बाहेर पिशवी उघडलेली. तिसर्‍या वेळी आम्ही गेलो तर तो टायवाला पोरगा मला सोडून त्यांच्याकडे धावला. "आजी, मागच्या वेळचा जवला फस्क्लास होता, आईने अजून मागवलाय." मॅनेजरने अर्धा किलो बोंबील घेतले. त्या शोरूमने आम्हाला गाडी विकली नव्हती, पण आम्ही मात्र त्यांना माल विकून परत येत होतो.

जुनी गाडीही बघून झाली. बोईसरलाच यूपीचे एक गृहस्थ आपली व्हॅन विकत होते. सासूबाईंनी गोधडी अंथरली. मी सवयीने बूट काढले.

"ये सोयेगा किदर?" त्यांनी विचारलं.

"माताजी, ये तो माल की गाडी है."

"माल सोताय आरामसे. इसको कोन सुलायेगा? पाय देका इसका?"

गृहस्थांनी माझे पाय नीट पाहिले. मग म्हणाले, "हम तो आराम से सोते हैं," आणि पुरावा म्हणून स्वतःच शेजारी येऊन आडवे झाले. ते बुटके होते, मावले. आम्ही दोन बाप्ये एका गोधडीवर छताकडे बघत पडलेलो, आणि गल्लीतली माणसं जमलेली. "त्याला जमतंय, तो लहान हाय," सासूबाई लोकांना सांगत होत्या. "आमचा जावई लांब हाय." ही गाडीही गेली.

नवरात्र बसलं. शेठचा फोन आला, "काय रे, झालं का?" आणि खरं सांगू का, माझं मन केव्हाच एका गाडीवर बसलं होतं. तीच पालघरची पहिली. आखूड, लाल, पुढे भलामोठा स्क्रीन, रिव्हर्सचा कॅमेरा. मायलेज चांगलं, गल्लीबोळात शिरणारी. पाय बाहेर राहतात, राहू देत. सीट मागे केली की झोपलो, त्यात काय! मी सासूबाईंना न कळवता गुपचूप गेलो आणि ती बुक करून आलो. तिथल्या पोराने आधी माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "आजी नाही आल्या?" तेव्हाच मला चोरी करून आल्यासारखं वाटलं.

घरात गोष्ट लपत नाही. सुजाताने आईला फोन केला, आणि दुसर्‍या दिवशी सकाळच्या एसटीने सासूबाई हजर. मी मनातल्या मनात "मी कोन बोलनारी"च्या भडिमाराला तोंड द्यायची तयारी केली, मायलेजचे आकडे जुळवून ठेवले. पण त्या दाराशीच खाली बसल्या. चहासुद्धा घेतला नाही.

"लाल हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चांगली हाय." मग म्हणाल्या, "ह्यांचं सांगू? बोटीत मासं धरायची जाली, बरफ, डिझलचं पिंप, आनि दाटीवाटीनं मान्सं. तितं झोपायचं कसं, तर गुडगं पोटात घेऊन. आटवडा आटवडा. मंग घरी आलं तरी तसंच. येवडा मोटा पलंग, आनि ह्ये कडंला, मुटकुलं करून. मी बोलायची, आवो, घर हाय ह्यं, पाय पसरा. नाय पसरलं कदी. दवाखान्यात बी तसंच गेलं."

सुजाता ओट्याशी उभी होती, तिने गॅस बंद केला.

"बोट लागली का मी धावत जायची बंदराव," सासूबाई म्हणाल्या. "काय गावलं, किती गावलं, समदं इचारायची. झोपलात कसं, ह्यं येका दिसाला इचारलं नाय मी. उभ्या जन्मात नाय. तुमी घ्या लाल गाडी. मी कोन बोलनारी?"

आणि खरंच पुढे काही बोलल्या नाहीत. त्या वाक्यानंतर त्या गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ते मला सहन होईना. मी उठलो, चपला घातल्या आणि म्हणालो, "गोधडी आणलीय का?"

आणली होती.

शोरूमने बुकिंग बदलून दिलं. जवल्याची पुण्याई, दुसरं काय. नवी गाडी लांबडी, पांढरी, स्क्रीन नाही, कॅमेरा नाही. डिलिव्हरी व्हॅन म्हणून असते तशी, पुढून मागे आरपार मोकळी. शेजारी म्हणाले, अँब्युलन्ससारखी दिसते. मी तिच्यात आडवा झालो, पाय ताणले, तरी पुढे वीतभर जागा उरली. सासूबाईंनी आत वाकून माझ्या पायाचा अंगठा धरून हलवला आणि शोरूमभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मावला गं बाय!" त्या पोराने टाळ्या वाजवल्या. मी आडव्यानेच नमस्कार केला.

दसर्‍याला सकाळी गाडी दारात आली. हार, नारळ, आपट्याची पानं, सगळं झालं. सासूबाईंना शिरगावला सोडायला आम्ही निघालो. मी पुढची सीट दाखवली तर म्हणाल्या, "म्होरं मला उलटी व्हते. जल्मात बसले नाय म्होरं." त्या मागे चढल्या, गोधडी टाकून बसल्या. सुजाता माझ्या शेजारी. मी इतक्या हळू चालवत होतो की सायकलवाले ओलांडून जात होते. थोडा वेळ मागून सूचना येत राहिल्या, "खड्डा हाय, खड्डा हाय," आणि मग आवाज थांबला.

घराशी पोचलो, मी मागचं दार उघडलं. सासूबाई झोपल्या होत्या. एवढी लांबरुंद गाडी, पण त्या अगदी कडेला, एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करून झोपल्या होत्या. बाकी सगळी गोधडी रिकामी ठेवलेली, दुसर्‍या कोणाला तरी जागा हवी असल्यासारखी.

तेवढ्यात फोन वाजला. शेठ. सणाचं कुठे तरी मशीन बंद पडलेलं, सुरतेला एक मोटर न्यायची होती. पहिलीच खेप. "कुठे पोचलास?" शेठने ओरडून विचारलं. हा प्रश्न मी जन्मभर इतक्या ड्रायव्हरांना असाच ओरडून विचारलाय.

"शिरगावला आहे," मी हलक्या आवाजात म्हणालो. "निघायला वेळ लागेल."

"अर्जंट आहे रे! दुसर्‍याला देऊ का?"

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी गाडीत पाहिलं.

"द्या," मी म्हणालो आणि फोन बंद केला. मग दार वार्‍याने आपटू नये म्हणून ते धरून उभा राहिलो.