बिननावाची वाटी

साखरेचा डबा उपडा करून वासंतीबाईंनी त्याच्या बुडावर दोन थापा मारल्या. परातीत चिमूटभर साखर आणि एक मुंगी पडली.

"संपली," त्या म्हणाल्या.

ठाण्यातल्या एका शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या विश्रामपंत गद्र्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. "संपली म्हणजे? तीन आठवड्यांची रेशनची साखर तू जपून ठेवली होतीस! उद्या कल्याणची मंडळी आपल्या सुमेधेला पाहायला येणार. त्यांच्यापुढे शिरा कशाचा ठेवणार?"

"काल खीर केली ना, रोझाबाईंच्या वाटीत घालायला. शेजारची वाटी रिकामी कशी पाठवू?"

त्या वाटीने चार महिने गद्र्यांच्या घरात ठाण मांडले होते. काठाला चेपलेली, साधी पितळी वाटी. चैत्रात चरईतल्या त्यांच्या चाळीत शेजारच्या रोझाबाईंनी ती पपईच्या फोडी घालून आणली. वासंतीबाईंनी ती लिंबाचे लोणचे घालून परत केली. आठवड्याने ती केळी घेऊन आली आणि साटोऱ्या घेऊन गेली. पुढेपुढे वाटीत मावेना, म्हणून तिच्याखाली ताट येऊ लागले. आणि आज सकाळी, खिरीच्या बदल्यात, ती ओल्या नारळाच्या वड्यांनी शिगोशीग भरून दारात उभी होती.

"हे पाहा," विश्रामपंतांनी बोट उगारले. पुराव्यावाचून विधान करणे हे त्यांच्या दृष्टीने गैरवर्तन होते. "वात्सल्य थोरांकडून धाकट्यांकडे वाहते. सख्य समपातळीवर राहते. दान देणारा भांड्याची वाट पाहत नाही. या तिन्हींत हे कुठेच बसत नाही. हे युद्ध आहे, आणि त्यात आपली रसद संपली आहे."

"मग जा आणि तह करून या."

विश्रामपंतांनी वड्या ताटात काढल्या, वाटी धुतली, पुसली आणि ती रिकामी हातात घेऊन ते बाहेर पडले. शेजारच्या दारात रोझाबाईंचा नवरा, गिरणीतला फिटर टोनी विडी ओढत बसला होता.

"टोनी, ही तुमची वाटी. रिकामी आहे. अपमान समजू नका, मी हे विचारपूर्वक करतो आहे."

टोनी हात मागे घेऊन उठला. "अवो मास्तर, मीच तुमच्याकडं येणार होतो! आमच्या घरात साखरेचा दाणा नाय. पोराच्या चर्चातल्या पयल्या कम्युनियनची साखर तुमच्या वाटीत गेली. आता तुमची वाटी तुमीच ठेवा, पाया पडतो."

"आमची? ही तुमची आहे!"

"आमची कशी? रोझा!" टोनीने हाक मारली. "ही वाटी कुणाची गं?"

"मास्तरीणबायची," रोझाबाई आतून म्हणाल्या. "चैत्रात कठड्यावर कैरीची डाळ ठेवून गेली ना, आपल्यासाठी."

"अशक्य!" विश्रामपंत म्हणाले. "आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेले आहे. या वाटीवर नाव नाही. ज्याअर्थी नाव नाही, त्याअर्थी ती आमची नाही."

"पण म्हणून ती आमची कशी?" टोनीने विचारले. विश्रामपंतांनी वाटी उलटी करून तिचे बूड पुन्हा एकदा तपासले.

तेवढ्यात जिन्याशी बोचके आपटले. मुलीच्या बाळंतपणासाठी चार महिने विठ्ठलवाडीला राहिलेल्या, चाळीच्या टोकाच्या खोलीतल्या शकूआत्या धापा टाकत वर आल्या आणि त्यांची नजर वाटीवर पडली.

"अगोबाई, माझी वाटी! गाडी चुकेल म्हणून डाळ कठड्यावरच ठेवून पळाले होते हो, वासंतीसाठी. रिकामीच आहे का? असू दे." त्यांनी विश्रामपंतांच्या हातातून वाटी घेतली आणि त्या चालू लागल्या. दोघेही रिकाम्या हातांकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शिरा झाला नाही. ताटात रोझाबाईंच्या वड्याच ठेवाव्या लागल्या. मुलाचे वडील सोवळ्याओवळ्याबद्दल सबंध कल्याणात प्रसिद्ध. "कुणी केल्या हे कोणी आपणहून सांगायचे नाही," असे विश्रामपंतांनी बजावून ठेवले होते. पण म्हाताऱ्यांनी दुसरी वडी उचलताना थेट विचारले, "तू केल्यास का गं, मुली?"

"नाही," सुमेधा म्हणाली. "शेजारच्या रोझामावशींनी."

वडी तोंडाजवळ थांबली.

"अंडं?"

"छे हो. आमच्यासाठी त्या वेगळी कढई वापरतात. चार महिने झाले. खुंटीवर उंच टांगून ठेवतात, कुणाचा हात लागू नये म्हणून."

विश्रामपंतांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिले. तिलाही ठाऊक नसावे. म्हाताऱ्यांनी क्षणभर विचार केला, वडी तोंडात टाकली आणि ते म्हणाले, "मग आणखी दोन आण."

जाताना त्यांनी लग्नाच्या याद्यांचा दिवस विचारून घेतला.

सोमवारी कठडा मोकळा होता. मंगळवारीही मोकळा. वासंतीबाई दोनदा दाराशी जाऊन आल्या. रोझाबाई समोरून गेल्या, हसल्या, थबकल्या आणि निघून गेल्या. आता वाटीच नव्हती, तेव्हा येण्याला कारणही नव्हते. विश्रामपंत वही उघडून बसले होते. वात्सल्य, सख्य, दान असे तीन रकाने त्यांनी आखले होते आणि खुंटीवरची ती कढई कोणत्या रकान्यात घालावी हे त्यांना ठरवता येत नव्हते.

बुधवारी रेशनची साखर आली. संध्याकाळी विश्रामपंतांनी फडताळातून स्वतःच एक वाटी काढली, तीत शिरा भरला आणि टोनीचे दार वाजवले.

"टोनी," ते घसा खाकरून म्हणाले, "ही तुमची वाटी आमच्याकडे राहून गेली होती."

टोनीने वाटी हातात घेऊन फिरवली. मराठी तिसरीपर्यंत शिकलेला तो. तिच्यावर ठसठशीत कोरलेले 'वि. ना. गद्रे' त्याने बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचले. मग मास्तरांकडे पाहिले. मास्तरांचे कान लाल झाले होते.

"हो की, आमचीच," टोनी म्हणाला. "रोझा कधीपास्नं शोधत होती."