बर्फातला बुधवार

नेवाशाच्या दूध शीतकरण केंद्रात हिशेबनीस म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात मी पंचायत समितीच्या सभापतींना गेनू मिस्त्रीचा बुधवार पाजला.

सभापती भर दुपारी न सांगता आले. आमचे साहेब नगरला गेलेले, त्यामुळे पाहुणचार माझ्या गळ्यात. मी लिंबाचं सरबत केलं आणि बर्फ होतो तिथंच नोकरीला आहोत या तोऱ्यात स्वतःच बर्फघरात गेलो. तिथं खारट पाण्याचा एक मोठा हौद होता. त्यात पत्र्याचे लांबच लांब साचे बुडवलेले असत आणि त्यांत बर्फाच्या लाद्या होत. मला एवढी लादी काय करायची होती? तेवढ्यात हौदाच्या कोपऱ्यात तारेला लटकवलेले लहान साचे दिसले. त्यातला एक उचलला, फरशीवर आपटला, निघालेला पांढुरका गोळा फोडून सरबतात टाकला आणि आपल्या हुशारीवर खूश होत बाहेर आलो.

सभापती भले गृहस्थ. अर्धा ग्लास प्यायले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, लिंबू कुठलं हो हे? चव काई निराळीच हाय." मी लिंबाची तारीफ सुरू केली, तोच त्यांच्या ग्लासात दुधीभोपळ्याची एक उकडलेली फोड सावकाश वर आली.

दारात एक धिप्पाड माणूस उभा होता. खाकी हाफ पँट, अंगावर तेलाचे डाग, हातात पाना. त्यानं ग्लासाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि घरातलं कुणी गेल्यासारखा म्हणाला, "भाऊसाहेब, बुधवार मारला तुमी माझा."

गेनू मिस्त्रीची आणि माझी ओळख झाली ती अशी.

नंतर नीट पाहिलं तेव्हा त्या छोट्या साच्यांवर लाल ऑइलपेंटनं सो, मं, बु अशी वारांची अक्षरं दिसली. प्रत्येकात त्या त्या दिवसाचं मिस्त्रीचं दुपारचं जेवण गोठवलेलं. दुधी, दोडका, मुगाचं पाणी. मीठ नाही, तेल नाही, तिखट तर औषधालाही नाही. दर रविवारी केंद्र सामसूम असताना मिस्त्री वर्कशॉपात स्टोव्ह पेटवायचा, आठवड्याचं सगळं उकडायचा, काट्यावर तोलून साच्यांत भरायचा आणि हौदात सोडायचा. तोलताना तोंडानं एकच चालू, "मापात. समदं मापात."

आपल्याकडं माणूस उपाशी राहतो तो देवासाठी, नाहीतर नाइलाजानं. बारीक होण्यासाठी उपाशी राहणारा माणूस अख्ख्या तालुक्यात तो एकटाच असेल. त्याला कारणही तसंच होतं.

आमच्या केंद्रात दूध साठवायची एक बंद टाकी होती. आत जायला वरच्या बाजूला एक गोल तोंड, आणि आतलं दूध ढवळायचा पंखा सैल झाला की मिस्त्रीनं त्या तोंडातून आत उतरायचं. मी यायच्या थोडं आधी मिस्त्री असाच उतरायला गेला आणि कमरेशी अडकला. खालीही जाईना, वरही येईना. शेवटी साबणाचं पाणी ओतून चौघांनी त्याला बाटलीच्या बुचासारखा उपसला, आणि नेमके तेव्हाच नवे साहेब फाटकातून आत आले. पुण्याचे, शिस्तीचे. त्यांनी तिथंच ऐकवलं, "मिस्त्री, दिवाळीच्या आत या टाकीत उतरून दाखवायचं. नाहीतर धुळ्याकडच्या केंद्रावर बदली. तिथं जुन्या उघड्या टाक्या आहेत, तुम्हाला सोयीचं पडेल."

साहेबांनी हे सोय म्हणून सांगितलं असेलही. पण मिस्त्रीचा चेहरा त्या दिवशी पांढराफटक पडला होता म्हणतात. "धुळ्याला न्हाई जमायचं," एवढंच तो म्हणाला. का नाही जमायचं, ते कुणाला सांगितलं नाही. बायको वारलेली, मूलबाळ नाही, शेतीचा तुकडा नाही. अशा माणसाला नेवासं काय आणि धुळं काय? आम्ही सगळे असंच म्हणायचो.

बर्फातल्या डब्याची कल्पना त्याची नव्हे. केंद्रात मोठा कॉम्प्रेसर बसवायला एक गोरा इंजिनीअर आला होता. त्यानं हातवारे करून सांगितलं होतं की त्यांच्या देशात माणसं बारीक व्हायला दुकानातून बर्फात घट्ट केलेलं जेवण आणतात, तापवतात आणि खातात. मिस्त्रीनं ते मनात जपून ठेवलं होतं आणि त्यावर स्वतःचं शास्त्रही रचलं होतं. मला त्यानं ते फार गंभीरपणे समजावलं.

"क्यालरी मंजी काय, भाऊसाहेब? गर्मी. घासातली गर्मी. तीच अंगाला लागती. आन् आपला धंदा कशाचा? गर्मी काडायचा! दुधातली काडतो, तशी दुधीतली काडायची. आठ दिस बर्फात ऱ्हायल्यावर कुटली क्यालरी ऱ्हाती?"

मी बी. कॉम. झालेला, तरी मान डोलावली. जेवण गोठवून झालं की तो दुपारी तो डबा कॉम्प्रेसरच्या तापलेल्या डोक्यावर ठेवायचा. मोठ्या कॉम्प्रेसरला तो थोरली म्हणायचा, लहानाला धाकटी. "थोरलीनंच गार करायचं, थोरलीनंच गरम करायचं. फुकट इंधन."

एके दिवशी मला उगाच विनोद सुचला. म्हणालो, "अहो मिस्त्री, पण तापवलं की काढलेली गर्मी परत आत जात असेल की!"

मिस्त्रीच्या हातातला डबा हातातच राहिला. तो थोरलीकडं असा बघायला लागला, जशी काही ती इतके दिवस त्याला फसवत होती. दुसऱ्या दिवसापासून त्यानं तापवणं बंद केलं. डबा जरा सैल झाला की तसाच खायला लागला. दुपारी ऑफिसात बसलं की शेजारून कुडुम कुडुम आवाज यायचा. गेनू मिस्त्री दोडका फोडून खात असायचा.

"मिस्त्री, चेष्टा केली हो मी," मी दोनदा जाऊन सांगितलं.

"चेष्टेत का हुईना, बरूबर बोलला तुमी," तो दातांवर हात दाबून म्हणाला. वर माझ्या पोटाकडं बघून सल्ला दिला, "तुमाला करू का दोन साचे? शनिवार-रविवार तरी खात जा."

ही गोष्ट मी घरी सांगितली. माझी बायको सुमती म्हणाली, "करून घ्या. निदान शनिवारी-रविवारी मला कुणी भजी मागणार नाही."

मिस्त्रीची प्रगती मोजायचीही तऱ्हा होती. टाकीच्या तोंडाएवढं एक लोखंडी कडं त्यानं वळवून घेतलं होतं. दर शनिवारी सुट्टी व्हायच्या आधी तो हात वर करून उभा राहायचा आणि ते कडं डोक्यावरून अंगात घालायचा. आमची सगळी मंडळी गोल करून बघायला. खांद्यांतून ते कसंबसं उतरायचं, छातीशी रेंगाळायचं आणि पोटावर येऊन बसायचं ते बसायचंच. कॅन धुणारी सखूबाई ओरडायची, "अवो मिस्त्री, पोट घरी ठिवून येत जा की! रोज कशाला संगं आनता?" मिस्त्री हसायचा नाही. कडं कुठवर आलं तिथं अंगावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "फुडल्या शनवारी." तेव्हा मात्र आम्हीही हसायचं थांबायचो. कड्यात न मावणारा तो माणूस धुळ्याच्या गाडीत बसलेला आम्हाला दिसायला लागायचा.

एक गोष्ट मला कळत नव्हती. इतकं दगडासारखं अन्न खाणारा माणूस दसरा आला तरी का उतरत नाही? मोजून मापून, फोडून फोडून खातो, आणि कडं आपलं बेंबीच्या वरच.

दसऱ्याला संध्याकाळी मी आणि सुमती सोनं द्यायला त्याच्या घरी गेलो. गावातलं दोन खोल्यांचं घर. मिस्त्री पाटावर जेवायला बसला होता, आणि त्याच्या ताटात पुरणपोळ्यांची चवड होती. समोर एक म्हातारी. डोळ्यांनी अधू, अधू कसली, पूर्ण आंधळी. तुपाची वाटी चाचपत ती पोळीवर तूप ओतत होती, आणि तूप पोळीच्या कडेवरून ताटात येईपर्यंत थांबत नव्हती.

आम्हाला बघून मिस्त्री चोरी पकडल्यासारखा झाला. त्याहून नवल म्हणजे त्याच्या अंगात, त्या उकाड्यात, जाडजूड कापसाची बंडी होती. थंडीत शेतावर राखणीला जाताना घालतात तसली. कानामागून घामाच्या धारा लागलेल्या.

"कोन आलंय, गेनू?" म्हातारीनं विचारलं.

"आमचं भाऊसाहेब हायती, मामी. आन् वहिनी."

ही त्याची सासू. मामाची मुलगी केलेली, म्हणून सासू ती मामीच. म्हातारीनं आम्हाला बसवलं, आमच्याही पुढ्यात पोळ्या आल्या. मग ती हातानं अंदाज घेत जावयाच्या मागं गेली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वरून खाली, सावकाश, बैलाच्या अंगावरून फिरवावा तसा.

"वाळला तर न्हाईस ना रं?"

"न्हाई मामी. उलट सुटलोय."

"खा मग आनिक येक." आणि सुमतीकडं तोंड करून म्हणाली, "दुपारी डब्यात काय खातो, कुनास ठावं. मला आपलं भ्या वाटतं, बाई. माजी लेक जायच्या आदी तिचं असंच झालतं. आदी अन्नावरनं मन उडालं, मग ती गेली. ज्याला जायचं असतं तो जेवत न्हाई, येवढं मला कळालंय."

मिस्त्रीनं मान खाली घालून आणखी एक पोळी घेतली. प्रत्येक घासावर पाण्याचा घोट घेत होता. तरी त्यानं ताट पुसून स्वच्छ केलं.

निघालो तेव्हा तो आमच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आला. तिथं गेल्यावर त्यानं बंडीची बटणं काढली आणि उपरण्यानं छाती पुसली. आत माणूस चांगलाच उतरला होता. फक्त ते पोट तेवढं मागं राहिलं होतं.

"रोज रातच्याला मामी हात फिरवून बगती," तो म्हणाला. "मनून ही घालतो. आन् रातचं तिच्या हातचं कमी खाता येत न्हाई, मनून दुपारी ते बर्फाचं. दुसरं काय करणार?"

"पण मिस्त्री," सुमती म्हणाली, "बदली झालीच तर त्यांना बरोबर नाही का नेता येणार?"

"ती येती व्हय, वहिनी! हितं तिला विहीर ठावी, जातं ठावं, शेजारनीचा आवाज ठावा. समदं हाताला पाठ हाय. धुळ्यात भित कुटं हाय तेच शोदत बसंल म्हातारी. आन् हितं तिला ठिवून गेलो, तर जेवायचं कुनाला वाडंल?"

त्यानंतर तो थांबला नाही. आम्ही वळलो तेव्हा बंडीची बटणं लावत घराकडं निघालेला दिसला.

त्या दिवसापासून केंद्रातला कुडुम कुडुम आवाज ऐकताना मला हसू येईनासं झालं. मिस्त्रीनं दुपारचे डबे आणखी लहान केले. दुपारी जेवून झालं की तो कॅनच्या गाड्यांना हात लावून ढकलायला लागायचा, हमालांचं काम ओढून घ्यायचा. सखूबाईनंही टोमणे बंद केले आणि शनिवारी कड्याची खालची कड स्वतः धरायला लागली. "हं, मिस्त्री, सोडा श्वास. अजून. अजून सोडा, मरत न्हाई कुनी."

दिवाळीच्या आधी साहेबांनी तपासणी ठेवली. टाकी रिकामी करून धुतलेली. सगळं केंद्र जमा. मिस्त्री सदरा काढून शिडीवर चढला, हात वर केले आणि पाय आत सोडले. गुडघे गेले, मांड्या गेल्या. कमरेशी थांबला.  साहेब घड्याळाकडं बघत नव्हते, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. ते मिस्त्रीकडंच बघत होते.

मिस्त्रीनं डोळे मिटले. छातीतला वारा सगळा सोडला, असा की जणू परत घ्यायचाच नाही. आणि दोन्ही कुशी खरवडत तो दिसेनासा झाला.

आत पाय टेकल्याचा आवाज आला. मग पान्याचे ठोके. मग टाकीभर घुमणारा त्याचा आवाज, "साहेब, पंखा घट्ट हाय. मापात हाय समदं!"

 साहेबांनी बदलीचा विषय काढला नाही. वर आलेल्या मिस्त्रीच्या कुशी रक्ताळलेल्या बघून म्हणाले, "याला कुणीतरी हळद लावा," आणि आपल्या खोलीत गेले. आमच्याकडं बदली रद्द व्हायची ती अशी होते.

मला वाटलं, आता मिस्त्री त्या साच्यांना रजा देईल. दुसऱ्या दिवशी बघतो तर कोपऱ्यात वार लटकलेलेच. "आज गेलो, उद्या बी जाता आलं पायजे, भाऊसाहेब," तो म्हणाला आणि दुधीची कांडी दाढेखाली धरली.

घरी येऊन मी सुमतीला सगळं सांगितलं. टाकी, ठोके, हळद, सगळं रंगवून. शेवटी म्हणालो, "आणि एवढं सगळं करून त्या म्हातारीला पत्ता नाही बघ. बंडीनं काम चोख केलं."

सुमती करंज्यांना मुरड घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, तिला कळलं नसेल? कापूस आणि माणूस हाताला वेगळे लागतात. पहिल्याच रात्री कळलं असेल तिला."

"मग ती बोलली का नाही?"

"कशाला बोलेल?" सुमती म्हणाली. "जाणारा माणूस असल्या उकाड्यात तिच्यासाठी बंडी घालून जेवायला बसतो होय?"