मैनेचं माहेर

"पहिलं बाळंतपण माहेरीच," बनुबाई सकाळपासून चौथ्यांदा म्हणाल्या. "आमच्यात ही रीत आजवर कुणी मोडलेली न्हाई."

बाळंतपण मैनेचं होतं. मैना ही कुत्री. दोन वर्षांपूर्वी सुनेच्या, म्हणजे संयोगिताच्या, माहेरून, फलटणहून, ती कडेगावला आली होती.

"आवं आत्या, कुत्रीला कसलं माहेर?" संयोगिता म्हणाली.

"तुझ्या आईनं धाडली न्हवं? मग निस्तरू दे तिलाच. मी बहात्तरच्या दुष्काळात बैलगाडीनं माहेरी गेले. बैलांना वैरण नव्हती, तरी गेले. हिला तर जीप हाय."

बनुबाईंनी विहिणीला फोन लावला. दीपमालाबाईही काही कमी नव्हत्या.

"दोन वर्सं राखण तुमच्या दाराची, पिल्लं तुमच्या गल्लीची, आन् बाळंतपण आमच्या गळ्यात व्हय?"

"रीत हाय, विहीणबाई. तुमच्यात नसंल तर सांगा तसं."

दीपमालाबाईंनी पलीकडं कुणाला तरी जीप सांगायला हाक दिली. "येते घेऊन जायला. लेकीच्या सासरी नाव ठेवायला जागा नको."

फोन ठेवून बनुबाई खोलीत आल्या, तर मैना त्यांच्या कॉटवर. कंबरदुखीसाठी गेल्याच आठवड्यात त्यांनी कापूस पिंजून नवी गादी भरून घेतली होती.

"ऊठ. जीप येतीया."

मैनेनं पंज्यांनी गादी उकरली, चांगला ओंजळभर कापूस बाहेर काढला आणि त्यावर अंग टाकलं. तिचं पोट आवळायला लागलं होतं. संयोगितानं घाईनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

"ते एका गाईपाशी अडकल्यात. दोन तास लागतील. तवर तिच्याखाली स्वच्छ फडकं घाला म्हणाले."

"माझी गादी तर गेली, आता फडकं घालून काय करू?"

एवढ्यात पहिलं पिल्लू आलं. ते हललं नाही. मैनेनं त्याला चाटलं, पुन्हा चाटलं आणि मान वर करून बनुबाईंकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस? तुझं माहेर तिकडं हाय," म्हणत बनुबाईंनी पिल्लू पदरात घेतलं. त्याचं नाकतोंड पुसलं आणि पाठ चोळायला सुरुवात केली. चोळता चोळता त्यांनी विहिणीचा, डॉक्टरांचा आणि त्या गाईचाही उद्धार केला. हात मात्र थांबला नाही. बऱ्याच वेळानं पदरातून बारीक कुईं ऐकू आलं. बनुबाईंनी पिल्लू मैनेच्या कुशीत ठेवलं. पाठोपाठ आणखी तीन पिल्लं आली.

दुपारी जीप दारात थांबली. "आणा बाळंतिणीला," दीपमालाबाई पायरीवरूनच म्हणाल्या.

बनुबाई दार अडवून उभ्या राहिल्या. "ओली बाळंतीण घाटातनं न्यायची? सव्वा महिना ती उंबरा ओलांडायची न्हाई."

"सकाळी तर तुमीच न्या म्हणालात."

"सकाळी ती मोकळी झाली नव्हती."

"म्हंजे मी एवढ्या लांबनं हाडं खिळखिळी करून आले, आन् उद्या तुमीच गावभर सांगणार, माहेरानं काय केलं न्हाई."

"सांगणारच."

दीपमालाबाईंनी जीपमधून आपली पिशवी उतरवली आणि ड्रायव्हरला परत जायला सांगितलं. मग बनुबाईंना बाजूला सारून त्या खोलीत शिरल्या, पिल्लं मोजली आणि दुसऱ्या कॉटवर ऐसपैस बसल्या.

"बाळंतीण हलत न्हाई, तर माहेर हितं आलं. सव्वा महिनाच म्हणालात न्हवं?"

बनुबाईंनी एका कॉटकडं पाहिलं, मग दुसऱ्या कॉटकडं.

"संयोगिता," त्या म्हणाल्या, "माळ्यावरची सतरंजी काढ."