चुरीभाऊंचा चाळीसचा भाव

मुलीच्या साखरपुड्याचे पेढे द्यायला मी वरच्या मजल्यावर गेलो, तर चुरीभाऊंनी विचारलं, "लग्न कधी?"

"पुढच्या वर्षी. जेवायला यायचं हां."

"वर्षभरानं? म्हणजे आजच्या भावानं अकरा टक्के जेवण कमी. एक जिलेबी गेलीच."

भाऊ आमच्या तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात कॉस्टिंगला, मी लॅबमध्ये. सरावली गावात आमची राहायची बिल्डिंगही एकच. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. "पुढच्या वर्षीचा रुपया म्हंजे आजचे एकोणनव्वद पैसे," हे त्यांनी शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ऐकवलेलं.

दर रविवारी ते वही घेऊन आमच्याच कंपनीच्या शेअरची खरी किंमत काढत. पुढे दरसाल पगार, कर, नवी मशिनरी जाऊन कंपनीच्या हातात किती रोकड उरेल ते मांडायचं, प्रत्येक वर्षाची रोकड आजच्या किमतीला आणायची, बेरजेतून कर्ज काढायचं, शेअरांनी भागायचं. लोक त्यांना ज्योतिषी म्हणत. "ज्योतिषी ग्रह बघतो," भाऊ म्हणायचे, "मी बॉयलर बघतो." आणि खरंच जाऊन बघायचे!

कंपनीने कामगारांना चाळीस रुपयांनी शेअर देऊ केले, तेव्हा भाऊंच्या वहीत सत्तर आले होते. "डोळे मिटून घ्या," ते म्हणाले. आम्ही घेतले. मी दोनशे घेतले.

मग ऑर्डरी आटल्या. दुसरी पाळी बंद झाली. शेअर अठरावर आला, मग नऊवर. कँटीनमध्ये भाऊंची थट्टा करायचंही लोकांनी सोडलं. एक दिवस सफाळ्याचा मोतीराम, आमचा फोर्कलिफ्टवाला, सगळ्यांदेखत ओरडला, "तुमच्या वहीनं माजं घर बुडवलं, भाऊ! पोरीच्या फीचे पैसे होते ते!"

भाऊंनी उघडलेला डबा बंद केला आणि उठून गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "बाजाराला अक्कल नाय. माझ्या गणितात अजून सत्तरच येतात. कोणाला विकायचे असतील तर मी चाळीसनं घेतो."

मोतीराम पहिला धावला. आठवडाभरात जवळजवळ सगळ्यांनी विकले. मीही विकले, आणि जिना उतरताना हसलो. त्या आठ हजारांत माझ्या बाथरूमला नव्या टाईल्स लागल्या.

वर्ष संपायच्या आत कारखान्याला कुलूप लागलं. भाऊंनी फ्लॅट विकला. माकुणसारला धाकट्या भावाकडे जायचं ठरलं. सामान बांधायला मी गेलो होतो. वह्यांचा गठ्ठा करताना एक उघडली. तारीख पाहिली. भाऊंनी आमच्याकडून शेअर विकत घेतले त्याच्या आधीचा रविवार. उरणारी रोकड: उणे, उणे, उणे. खाली दोन रेघा मारून लिहिलेलं, शेअरची किंमत शून्य.

"भाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

ते भांडी कागदात गुंडाळत होते. "आकडे काय लपतात? घ्या म्हणून मीच सांगितलेलं ना सगळ्यांना."

"मग सत्तर कशाला सांगितलंत?"

"नुसते पैसे दिले असते तर मोतीरामनं घेतले असते?" त्यांनी वही माझ्या हातातून काढून बंद केली. "कोणाला बोलू नको. म्हातारा वेडा होता, एवढंच राहू दे."

मी ती वही त्यांच्याकडून घेऊन गठ्ठ्याच्या मधोमध सरकवली आणि दोरी आवळली.

खालून टेम्पोवाला ओरडला, "अंकल, और कितना है?"

भाऊ खिडकीतून वाकून म्हणाले, "बस, हो गया."