पुंजातात्यांची गुपचूप चौकशी

"पुरुषमाणूस आणि नर्स? मी नाय देत पोरगी!" घोटीच्या पुंजातात्यांनी जाहीर केलं. लेक दिशाही बापाचीच. लग्न करीन तर समाधानशीच, म्हणून अडून बसली. तेव्हा तात्या म्हणाले, "बरं, चौकशी करून येतो." ही चौकशी म्हणजे पोरात खोट काढण्याची तयारी, हे बायको नवसाबाईनं बरोबर ओळखलं.

समाधाननं तात्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग काय, खोटं नाव सांगून, पोटदुखीचं सोंग घेऊन तात्या थेट त्याच्या इंदिरानगरच्या दवाखान्यात थडकले.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून विचारलं, "पोट साफ होतं का?"

आजार खरा वाटावा म्हणून तात्यांनी तिखटमीठ लावलं. "कशाचं! आठवडा झाला, नावच नाय."

"ब्रदर, यांना एनिमा द्या," म्हणून बाई पुढच्या पेशंटकडे गेल्या.

पडदा सारून, दिशानं फोटोत दाखवलेला तोच पोरगा आत आला. "काका, डाव्या कुशीवर व्हा. पायजमा सैल करा."

तात्यांना दरदरून घाम फुटला. "अरे, थांबलं दुखायचं! लय बरं वाटतंय!"

"इथं आलं की सगळ्यांनाच बरं वाटतं," हातमोजे चढवत समाधान म्हणाला.

खरं सांगावं तर पितळ उघडं पडणार. तात्यांनी शेवटचा डाव टाकला. "हे बायकांचं काम. तुला लाज नाय वाटत?"

"लाजायचं काम पेशंटचं, काका. माझं वेगळं आहे. सिस्टरना बोलावू का?"

परक्या बाईपुढे पायजमा? तात्या ताडकन कुशीवर वळले. "नको नको! तूच बरा हायेस, भाऊ!"

पोरगा मात्र हाताचा हलका. अंगावर चादर टाकून, भातशेतीच्या गप्पा मारत त्यानं काम उरकलं. मग तात्यांना धरून संडासापर्यंत नेलं आणि दाराबाहेर थांबून आवाज देत राहिला, "काका, चक्कर नाही ना येत?" पोटच्या पोरानंही इतकं केलं नसतं, असं तात्यांना अगदी मनापासून वाटलं.

बाहेर पडल्यावर त्यांनी घरी फोन लावला. "नवसे, पोरगा पसंत हाय. तारीख काढा."

"अगंबाई! असं काय पाहिलं त्याच्यात?"

"मी काय पाहिलं ते सोड," तात्या आवाज खाली आणत म्हणाले. "त्यानं जे पाहिलं, ते परक्या माणसाकडं राहणं बरं नाय. जावई करून घेऊ, म्हणजे घरातलं घरात राहील."